अजून एक टीप मीठ

सून स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. आत शेगडीपाशी मास्तर उभे होते.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, गेल्या वर्षी दुकान बंद केलं, तरी गल्ली त्यांना अजून मास्तरच म्हणायची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, आणि पुढे नवऱ्याबरोबर वेगळं बिऱ्हाड केल्यावरही, तिने त्यांना स्वयंपाकघरात पाय टाकताना पाहिलं नव्हतं. पाणी हवं असलं तरी ते उंबऱ्याबाहेर उभे राहून खाकरायचे आणि सासूबाई पेला नेऊन द्यायच्या. आज मात्र ते खांद्यावर फडकं टाकून ओट्याला टेकले होते, जणू काही ते त्यांच्या दुकानातलं काउंटरच.

सासूबाईंनी पातेल्यातून चमचाभर सूप काढलं, फुंकर घातली आणि त्यांच्या तोंडापुढे धरलं. मास्तरांनी ते तोंडात घेतलं, पण लगेच गिळलं नाही. सुईत दोरा ओवताना करायचे तसे डोळे बारीक केले.

"हं, सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"भोपळा मऊ आहे."

"शिजलेला भोपळा मऊच असतो. मऊ म्हणजे कसा?"

"धुऊन धुऊन मऊ पडलेला जुना सदरा असतो बघ. अंगात घातलाय हे कळतसुद्धा नाही. तसा."

"आणि टोमॅटो? आंबट पुढे आलंय का?"

मास्तरांनी पुन्हा एक चमचा घेतला. "आंबट आत आहे. अस्तरासारखं. वरून दिसत नाही, पण नसतं तर सगळं लोंबलं असतं."

"मीठ?"

"मीठ..." मास्तर अडले. "अजून एक टीप मारावी लागेल."

सासूबाईंनी चिमूट सोडली, ढवळलं आणि मग वाकून पातेल्यात बघत राहिल्या. गाल लाल झाले होते. वाफेने असतील. सुनेला मात्र एकदम असं वाटलं, की आपण चुकून कुणाच्या तरी खासगी खोलीत डोकावतोय. तिने मागे सरकायला पाऊल उचललं आणि दाराचा अडसर वाजला.

"कधीपासून उभी आहेस गं?"

"अस्तरापासून," ती म्हणाली.

मास्तर ओशाळून बाहेर निघून गेले. जाताना फडकं खांद्यावरच राहिलं.

या घरात जेवताना बोलण्याची रीत नव्हती. मास्तरांची आई मोठी कडक बाई. अन्नाला नावं ठेवू नयेत, हा तिचा नियम. मास्तरांनी तो असा ताणला होता की नावं ठेवत नाहीत ते नाहीत, पण चांगलंही कधी म्हणायचे नाहीत. सून नवी असताना एकदा सकाळपासून खपली होती. चार पदार्थ केले, आणि धीर करून विचारलं, "बाबा, कसं झालंय?" मास्तरांनी ताटाकडे नीट पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "झालंय."

तो घरातला कायमचा विनोद झाला. तिचा नवरा अजूनही पाहुण्यांना रंगवून सांगायचा. तीही हसायची. पण त्या दिवसानंतर तिने या घरात कुणाला ते विचारलं नव्हतं.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "आणि जे ऐकलंस ते पोटात ठेव. मध्यंतरी ताप आला होता ना, त्यानंतर माझी चव गेलीय. वासही गेलाय. डॉक्टर म्हणतात येईल, आणि नाही आली तर नाही."

"आई! आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? तुझ्या नणंदेला सांगितलं तर ती मला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरवेल. आणि तुझा नवरा..." त्यांनी सुरी उचलली, पुन्हा ठेवली. "आज त्याने सगळ्यांना जेवायला का जमवलंय, ते मला कळत नाही असं समजू नकोस."

सुनेने मान खाली घातली. का जमवलंय ते तिला ठाऊक होतं. कालच तिने नवऱ्याला हो म्हटलं होतं.

*

सुनेच्या नवऱ्याने, थोरल्याने, सूप संपवलं आणि वाटी पुढे सरकवली. तो एका कारखान्याचं कँटीन चालवत होता. रोज शेकडो माणसं त्याच्याकडे जेवून जायची, त्यामुळे पहिल्या घोटातच त्याला स्वयंपाक कळायचा. सूप उत्तम होतं. त्यामुळे त्याचं बोलणं थोडं अवघड झालं होतं.

"आई, शेजारच्या न्हाव्याचा फोन आला होता मला," तो म्हणाला. "दूध करपलं, खिडकीतून धूर निघाला, आणि तू पुढच्या खोलीत निवांत बसली होतीस म्हणे. त्याने दार वाजवलं तेव्हा तुला कळलं."

"दूध कुणाचं करपत नाही?"

"करपतं. पण घरभर धूर होईपर्यंत कुणी बसून राहत नाही. बाबा कुठे होते?"

"लिंबं आणायला गेलो होतो," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. तू एकटी असताना काही झालं तर? आता पुरे झालं तुझं शेगडीपाशी उभं राहणं. माझ्याकडून दोन्ही वेळचा डबा येईल. गरम, वेळेवर. सायकलवरून माणूस आणून देईल. तू आराम कर."

त्याने बहिणीकडे पाहिलं. दुकान बंद करायच्या वेळी दोघांचं असं वाजलं होतं की कित्येक महिने एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. ती विरोधात जाणार हे धरूनच तो तयारीने आला होता. पण धाकटीने हात पुसले आणि म्हणाली, "दादाचं म्हणणं मला पटतंय. जन्मात पहिल्यांदा पटतंय, म्हणून लक्षात ठेवा सगळ्यांनी."

"बघ," थोरला म्हणाला. त्याला हायसं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. बहीण इतक्या सहज आपल्या बाजूला आली म्हणजे पुढे काहीतरी असणार.

आणि होतंच. धाकटी इस्पितळात नर्स होती. समोरचं माणूस काय लपवतंय ते हुडकून काढणं हा तिचा रोजचा उद्योग. ती आईकडे टक लावून बघत होती.

"आई, करपल्याचा वास नाही आला तुला?"

"सर्दी होती."

"सर्दी कधी झाली होती?"

आईने सुनेकडे पाहिलं. सून पाण्याचा तांब्या भरायला उठली, आणि तांब्या तर भरलेलाच होता. धाकटीच्या नजरेतून तेही सुटलं नाही. ती आत गेली आणि मूठ मिटून आली.

"डोळे मीट."

"अगं, हा काय पोरखेळ?"

"मीट तर खरं."

आईने डोळे मिटले. धाकटीने लसणीची पाकळी बोटांनी चुरडली आणि तिच्या नाकाजवळ नेली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या थोरल्याच्या नाकात तो दर्प शिरला. आईने एक श्वास घेतला. मग दुसरा, खोल. परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या तिच्या भुवया जुळल्या होत्या.

"लिंबू," ती शेवटी म्हणाली.

आईने डोळे उघडले. लेकीच्या बोटांकडे पाहिलं आणि तिला कळलं.

धाकटीने हात मागे घेतला. "मी रोज लोकांच्या आयांना विचारते, आज तोंडाला चव आहे का म्हणून," ती म्हणाली. "घरात विचारायचं राहिलं." आणि मग रागाने, कारण रडू येत होतं, "पण तूही सांगायचं ना!"

"सांगून काय झालं असतं? हेच झालं असतं जे आता होतंय."

थोरला पुढे वाकला. आता त्याला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्याचा आवाज चढायचा. "म्हणजे तुला चव नाही, वास नाही, आणि तरी रोज उभी राहून रांधतेस! कुणासाठी? बाबांसाठी? बाबांना काय कळतं जेवणातलं? पुढे ठेवाल ते खातात. माझा डबा काय, तुझं सूप काय, त्यांना सगळं सारखंच!"

*

मास्तर हातातल्या पावाच्या तुकड्याकडे बघत होते. लेकाने म्हटलं त्यात खोटं काही नव्हतं. निदान तापाच्या आधी तरी खोटं नव्हतं.

बोलायचं त्यांच्या अंगात नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक बोलायचं, ते मापं घ्यायचे. घरात ती बोलायची, ते जेवायचे. पण आता समोर सगळे बसले होते. आपण गप्प राहिलो तर उद्यापासून दारात डबा येईल, हे त्यांना दिसत होतं.

"ताप उतरला," ते म्हणाले, "तेव्हा हिने पहिल्यांदा भात खाल्ला. एक घास घेतला आणि ताट सरकवलं. म्हणाली, कापूस चावल्यासारखं लागतंय."

सगळे त्यांच्याकडे वळले. मास्तरांनी नजर पावावरच ठेवली.

"मी जेवत होतो. नेहमीसारखा. हिने विचारलं, तुम्हाला कसं लागतंय ते तरी सांगा. मी म्हटलं, बरं आहे. तर म्हणाली, बरं म्हणजे काय? आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं हिच्या हातचं खाल्लं, आणि मला सांगता येईना, की बाबा, हे असं असं लागतं." ते थांबले. "म्हणून मग पुढचा घास मी सावकाश खाल्ला."

"अहो, राहू दे," ती हळूच म्हणाली.

"नाही, बोलू दे आज. त्याचं बरोबर आहे. मला कळत नव्हतं. आता थोडं थोडं कळतं. सकाळी उठलो की वाटतं, आज काय करेल ही. बाजारात गेलो की वांगी हातात घेऊन बघतो. भाजीवाला हसतो. आणि संध्याकाळी ही समोर बसते, हनुवटीला हात लावून, आणि मी सांगतो. कधी चुकतं माझं. मग ही म्हणते, नीट आठवून सांगा." त्यांनी लेकाकडे पाहिलं. "तुझा डबा येईल. चांगलाच येईल. पण मग ताटावर बसून मी हिला काय सांगू?"

थोरल्याने रिकामी वाटी उगाच फिरवली.

मग बायकोच बोलली, मुलांकडे न बघता, पदराच्या काठाशी चाळा करत. "मी ह्यांच्या ताटावरून ओळखायचे. कशाला हात लवकर गेला, वाटी पावाने पुसली की नाही. पुसली की समजायचं, आवडलं. माझी सासू म्हणायची, बाईने एवढ्यावर खूश राहावं. राहिले मी. पण आता विचारायला मिळतंय तर ते घालवू नका रे कुणी."

तांब्या घेऊन उभी असलेली सून पुढे आली आणि तांब्या टेबलावर ठेवला. जरा जोरातच.

"डबा पाठवायचा नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, काल तर तू..."

"काल हो म्हटलं होतं, आज नाही म्हणते. मला काल माहीत नव्हतं."

"आणि उद्या आग लागली तर?"

"त्याचं बघता येईल की. धूर झाला की वाजणारं यंत्र मिळतं, छताला लावायचं. तुमच्या कँटीनमध्ये आहेच ना? तसंच एक इथे लावा."

"आणि शेगडी पेटलेली असली की मी आतच असेन," मास्तर म्हणाले. "माझं नाक शाबूत आहे. लिंबं काय, आधी आणून ठेवीन."

धाकटीने नाक ओढलं. "आणि आई, तू माझ्याबरोबर आमच्या डॉक्टरांकडे येणार. एकदाच. फिरवणार नाही तुला. वास ओळखायचा सराव करून घेतात, त्याने काहींना फरक पडतो. एवढं कबूल असेल तर मी पार्टी बदलते."

"बदल," थोरला कडवट हसून म्हणाला. "सगळेच बदला. मी एकटाच वाईट."

तो खुर्ची मागे सारून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली गल्लीत न्हाव्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. सगळ्यांना वाटलं आता हा चप्पल घालून निघून जाणार. दुकानाच्या वेळी असाच गेला होता. पण तो गेला नाही. पाठमोराच राहून त्याने विचारलं,

"बाबा, कँटीनच्या उद्घाटनाला तुम्ही आला होतात. पहिल्या पंगतीला बसलात. सगळं खाल्लंत, हात धुतलेत आणि घरी गेलात." त्याचा आवाज खाली आला. "कसं होतं?"

बायको मास्तरांकडे बघत होती. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खरं बोलायचीही नव्हती.

"रेडीमेड होतं," ते म्हणाले. "चांगल्या कापडाचं. पण सगळ्यांच्या मापाचं. त्यामुळे कुणालाच नीट बसलं नाही."

थोरल्याची पाठ ताठ झाली.

"फक्त ते शेवटी आलेलं सफरचंदाचं," मास्तर पुढे म्हणाले. "वर भाजलेलं, कुरकुरीत. खाली गरम. त्यात थोडी मिरी होती का रे?"

थोरला वळला. "मिरी होती."

"ते हाताने शिवलेलं होतं."

"ते मी स्वतः केलं होतं. पहाटे जाऊन. बाकीचं माणसांनी केलं." तो एक पाऊल पुढे आला. "मिरी कुणालाच कळली नाही. एकालाही नाही. आणि तुम्हाला कळली, तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"ते कपडे असते तर बोललो असतो," मास्तर म्हणाले. "जेवणातले शब्दच नव्हते माझ्याकडे."

थोरल्याने तोंडावरून हात फिरवला. मग येऊन पुन्हा खुर्चीवर बसला आणि रिकामी वाटी आईपुढे सरकवली.

"आहे का उरलेलं?"

"आहे की," आई म्हणाली आणि उठली.

*

यंत्र लागलं. थोरला स्वतः शिडी घेऊन आला, छताला भोकं पाडली, आणि चाचणी म्हणून खाली कागद पेटवला तर ते असं केकाटलं की न्हावी अर्धी दाढी टाकून वर धावत आला. त्याला चहा पाजून परत पाठवावं लागलं.

धाकटीने आईला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. आता ओट्यावर चार बाटल्या होत्या. लवंग, लिंबाची साल, कॉफी आणि गुलाब. सकाळ-संध्याकाळ तिने एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. अजून काही आलं नव्हतं. मास्तर समोर बसून म्हणायचे, "आता कॉफी," आणि तीही निमूटपणे कॉफी आठवायची.

त्या दिवशी ऊन कलल्यावर ती बाटल्या आवरत होती तेव्हा मास्तर शेगडीपाशी आले.

"आज तू बस," ते म्हणाले. "मी करतो."

"तुम्ही? काय करणार?"

"ऑम्लेट. बघून बघून शिकलोय."

ती खुर्ची ओढून बसली. मास्तरांनी कांदा चिरायला घेतला. अर्धा करून फळीवर ठेवला, सुरी कुठून चालवायची ते आधी बोटाने आखून घेतलं, आणि मग एकसारखे, एका रुंदीचे काप काढत गेले. एक काप तिरका आला तो त्यांनी बाजूला टाकला.

"अहो, पोटातच जायचाय तो!"

"असू दे. वाईट दिसतो."

अंडी फोडताना टरफल आत पडलं. ते काढायला त्यांना इतका वेळ लागला की तव्यावरचं लोणी तांबूस झालं. "करपतंय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि घाईघाईने मिश्रण ओतलं. कडा एका बाजूला वर उचलल्या गेल्या. उलटताना अर्ध्यात दुमडलं, मग ते तसंच राहू दिलं. ताटलीत काढून, बाजूला पावाचे दोन तुकडे ठेवून त्यांनी टेबलावर आणलं आणि समोर बसले.

"आधी तुम्ही," ती म्हणाली. "सांगा."

मास्तरांनी एक तुकडा तोंडात टाकला. डोळे बारीक केले. चावणं हळूहळू थांबलं.

"काय झालं?"

"मीठ विसरलो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"एक कणसुद्धा नाही," ते म्हणाले. "कांदा कच्चा आहे. खालून करपलंय. अगदी बिघडलंय गं. उसवताही येणार नाही." आणि ते ताटली उचलायला उठले.

तिने ताटलीवर हात ठेवला. आधी खांदे हलले, मग हसू बाहेर पडलं, आणि मग तिला आवरेना. डोळ्यांतून पाणी येईतो ती हसली.

"बसा खाली. असलं खायला माझ्याइतकं लायक माणूस अख्ख्या गल्लीत सापडायचं नाही. आणा इकडे."

तिने ताटली ओढून घेतली. पावाच्या तुकड्यावर ऑम्लेट ठेवलं आणि घास घेतला. खालची करपलेली बाजू दाताखाली कुडकुडली. आत कुठेतरी लोणी अजून गरम होतं. ती सावकाश खात होती, दर घासाला नीट चावून, खिडकीबाहेर बघत.

मास्तर टेबलाच्या कडेवर बोटं आपटत बसले. तिचा दुसरा घास झाला, तिसरा झाला. त्यांना राहवेना.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

तिने उत्तर द्यायची घाई केली नाही. पावाने ताटली सगळीकडून पुसून घेतली, तो शेवटचा तुकडा तोंडात टाकला, आणि चावता चावता त्यांच्याकडे पाहिलं.

"बोल ना," मास्तर म्हणाले.

"थांबा जरा," ती म्हणाली. "शब्द शोधतेय."